विहीणबाईंनी शिकलेल्या चान्या

प्रिय दर्शना,

जय भीम. तुला आणि पोटातून लाथा मारणाऱ्या त्या जिवालाही. पाय सुजतायत म्हणालीस, तर टेबलाखाली एखादा खोका ठेव आणि त्यावर पाय टाकून बस. साहेब काही बोलला तर त्याला विक्रोळीला माझ्याकडे पाठव.

परवा मी एकटी असून इतकी हसत होते, की शेजारच्या रेवतीने दार वाजवून विचारलं, काकू, टीव्हीवर काय लागलंय? टीव्ही बंदच होता गं. तुझ्या सासूबाईंची, विमलाताईंची आठवण येऊन हसत होते. मध्यंतरी त्या आल्या होत्या आपल्याकडे. मुलुंडहून रिक्षा करून, न कळवता, एकट्याच.

दारात त्यांना बघून वाटलं, काही बरंवाईट तर झालं नाही ना? पण हातात सोलकढीची बाटली दिसली, म्हटलं, वाईट बातमी घेऊन येणारं माणूस सोलकढी नाही आणत. पाणी प्यायल्या, पंखा वाढवायला लावला आणि एकदम म्हणाल्या, "विहीणबाई, माका चान्या करूक शिकवा."

त्यांच्या तोंडून हा शब्द! मग कळलं. मागे तू बाल्कनीतून फोन केला होतास ना, आई, चान्या खाव्याशा वाटतायत, पण इथे कुणाला सांगू? तेव्हा त्या आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी तुझ्या श्रेयसला विचारलं, त्यालाही माहीत नाही. त्याने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. म्हशीच्या मांसाच्या पट्ट्या, मीठ-हळद लावून वाळवलेल्या. "मोठ्याचं म्हणतत ता ह्याच ना?" त्यांनी मला थेट विचारलं.

खरं सांगते, 'आता नाही करत आम्ही तसलं काही' हे माझ्या जिभेवर आलं होतं. सवयच ती. मी लहान असताना माझी आई चाळीच्या मागे दोरीवर चान्या वाळत घालायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मिरच्या आहेत. आणि तुझ्या लग्नाचा बेत ठरवताना आपण काय केलं? पनीर. त्यांच्या माणसांना आपलं चालेल की नाही कोण जाणे, म्हणून पनीर. ना आपल्या घरचं, ना त्यांच्या. पण त्या दिवशी विमलाताई माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मी म्हटलं, हो, मोठ्याचंच.

मग म्हणाल्या, "मी खावचंय नाय हां, आधीच सांगतंय. पण रांधीन." तुला वाटेल मला राग आला असेल. आधी जरा टोचलं. मग बरं वाटलं. माझं मन राखायला उगीच बोटभर चव घेतली असती, तर ते मला जास्त लागलं असतं. मी विचारून घेतलं, भांडं वेगळं ठेवणार का? त्यावर माझ्यावरच ओरडल्या, "वेगळा कशाक? घासला काय झाला!"

मग काय, मी मांस घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी बाई स्वतःची विळी घेऊन हजर. पदर नाकाला लावून बसल्या, पण कापायला लागल्यावर पदर कधी सुटला त्यांनाही कळलं नाही. आयुष्यभर मासळी कापलेला हात तो. काय पट्ट्या पाडल्या गं! सरळ, पातळ, एकसारख्या. माझ्या पट्ट्या त्यांच्या शेजारी फाटक्या चिंध्या वाटत होत्या. गॅलरीत दोरी बांधली, तर कावळे आले. विमलाताई स्टूल टाकून काठी घेऊन बसल्या आणि मालवणीत कावळ्यांचा जो उद्धार केला, तो मी कागदावर लिहू शकत नाही. लहानपणी देवगडला बोंबील राखायला अशाच बसायच्या म्हणे. "वाळवणाची राखण सगळीकडे सारखीच," म्हणाल्या. परवा मी हसत होते ती हेच आठवून.

चान्या कडक वाळल्यावर विमलाताई परत आल्या. पाण्यात भिजवल्या, पाट्यावर ठेचल्या, कांद्या-लसणावर परतल्या. इथे आमचं वाजलं. त्यांना ओलं खोबरं घालायचं होतं. मी म्हटलं, ताई, आमच्या जालन्याकडे कुठलं ओलं खोबरं? लसूण, तिखट आणि ज्वारीची भाकरी, बस्स. ऐकलं त्यांनी, पण माझी पाठ वळल्यावर दोन आमसुलं टाकलीच. मी खाऊन बघितलं. छान लागत होतं गं! त्यांना मी अजून कबूल केलेलं नाही, तूही सांगू नकोस.

उरलेल्या वाळक्या चान्या त्या मुलुंडला घेऊन गेल्यात. मी म्हटलं, मग आजच करून घाला पोरीला. तर म्हणाल्या, नाही. चोरून ऐकलेलं वाढलं तर ती संकोचेल, उपकार मानेल. तिने माझ्याकडे हक्काने मागू दे. म्हणून तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी तुला विचारतात, आज काय खावंसं वाटतंय, आणि तू रोज म्हणतेस, काहीही चालेल, आई. काल त्यांचा वैतागून फोन आला, "आज पण काहीही चालात म्हणाली! किती वाट बघू?" तुला सांगायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय त्यांनी, पण दर्शना, मला राहवत नाही. घरी फोनवर बोललं की त्यांना ऐकू जाणारच, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. आज घरी गेलीस की त्या विचारतील. तेव्हा चान्या म्हण. स्पष्ट म्हण, सगळ्यांसमोर म्हण. आणि पोटभर जेवून झाल्यावर मला फोन कर. त्यांचा चेहरा कसा फुलला होता, ते मला ऐकायचंय.

तुझीच,
आई