तीन बोटं

१२ मे २०२५, सकाळी ६
तंबाखूचा मावा सोडला. कायमचा. बावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला जड नाही. काल कराडच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, तुमची दोनच मावतात. गाल आतून आवळत चाललेत, आत्ता नाही थांबलात तर पुढं घास जाणार नाही. महिन्यानं बोलावलंय. महिना भरपूर झाला.
विजयमालाला 'दात किडलाय' एवढंच सांगितलं. बायको उगाच घाबरते.

१२ मे, ९.४०
घरातल्या सगळ्या पुड्या जाफर टेलरकडं डिपॉझिट. शाळेपासूनचा दोस्त, तोही खातो. ऑर्डर दिली: मी मागितल्या तरी द्यायच्या नाहीत.

१२ मे, ११
ऑर्डर पाळतो का बघायला मागून पाहिली. दिली! सिव्हिलियन लोकांना शिस्त नाही. खाल्ली, पण चूक त्याची.

१७ मे
सहावा दिवस. (जाफरच्या दुकानातल्या धरत नाही.) रोज जायला निमित्त हवं म्हणून नवा शर्ट अल्टरला नेतो. जाफर म्हणाला, गड्या, बाह्या अजून किती आखूड करायच्या?

२५ मे
मोजमाप. दोनच. पण माझी बोटं जाड. कुणाची बोटं, हे डॉक्टरनी कुठं सांगितलंय? विजयमालाची मागितली. कशाला, ते सांगावं लागलं. म्हणाली, आवं, माजी बोटं घालून तुमचं त्वांड मोटं हुतंय व्हय? मग परसात जाऊन रडली. अडीच मावली असती, माझा अंदाज.

३१ मे
तंबाखूविरोधी दिन. कॉलनीच्या हॉलमध्ये माझं भाषण, विषय 'इच्छाशक्ती'. आवाज सुटावा म्हणून आधी थोडा मावा. त्यामुळं पाच मिनिटं तोंडच उघडता येईना. लोकांना वाटलं, गहिवरलो. टाळ्या.

४ जून
जाफरनं डिपॉझिट गटारात टाकलं. स्वतःचंही. आठ दिवस झाले म्हणे, सरकारी दवाखान्यात व्यसन सोडवणाऱ्या बाईंकडं जातो, दर गुरुवारी. मला न विचारता! म्हणाला, एकट्याला जमत न्हाई रं, चल की. मी म्हटलं, तुला व्यसन आहे, मला फक्त सवय आहे. निषेध म्हणून चौकातून दोन पुड्या घेतल्या.

१० जून
आमची लेक संयोगिता पोलिसात लागली! साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आली. गल्ली जमली. मी नवा शर्ट घातला, बाह्या कोपराच्या वर. पहिला पेढा पप्पांना, अख्खा, फोटोसाठी. मी आ केला. पेढा दातांवर अडला. सगळे हसले. ती हसली नाही. हात मागं घेतला, पेढ्याचे चार तुकडे केले आणि लहान पोराला भरवावं तसा एकेक भरवला. लय लाज वाटली.

१२ जून, गुरुवार
डॉक्टरीणबाईंकडं गेलो नाही. जाफरबरोबर सरकारी दवाखान्यात. तिथल्या बाईंनी विचारलं, शेवटचा मावा कधी खाल्ला? म्हटलं, आत्ता, बाहेर रांगेत. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. मी खिशातली पुडी टेबलावर ठेवली.
दुसरी मोज्यात आहे, हे जाफरला माहीत होतं. तो पंख्याकडं बघत बसला. बाईंना मीच सांगितलं.