तहसीलदार जागचा हलणार नाही

ईट,
मंगळवार

प्रिय आरोही,

तुझा निरोप मिळाला. मोबाइलवर चार ओळी, त्याही हुकमाच्या. रविवारी येरमाळ्याचे पाहुणे तुला बघायला येणार, त्याआधी ओसरीवरच्या सगळ्या पेट्या उचलायच्या. बेडूक ओढ्यात, खेकडा विहिरीत, गोगलगायी कुठंतरी लांब. आणि कुणी विचारलंच तर सांगायचं की अंगणवाडीच्या पोरांना दाखवायला आणल्या होत्या. शेवटी ‘प्लीज आई’. तर ऐक, मी यातलं काहीही करणार नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. अंगणवाडीची रजिस्टरं लिहून लिहून हात अजून चालतो.

आधी घरची खबर देते. तुझा तहसीलदार मजेत आहे. बेडकाला असलं नाव ठेवणारी तूच. म्हणे फुगून बसतो आणि समोर काही आल्याशिवाय जागचा हलत नाही. तो आता माझा आवाज ओळखतो असं मी म्हणते आणि तुझे आण्णा हसतात. हसू देत. काल तेच बांधावरून पळसाच्या पानात वाळवी गुंडाळून घेऊन आले आणि मला न सांगता झाकण उघडून आत टाकली. खेकड्यानं कात टाकली. दोन दिवस कौलाच्या तुकड्याखाली दडून होता, मला वाटलं गेला. वाणी, तुझे ते शेकडो पायांचे काळे किडे, कुजका पाला खाऊन बोटाएवढे झालेत. गोगलगायींनी साबुदाण्यासारखी अंडी घातली आहेत. त्यांना मी कोंबडीच्या अंड्याची टरफलं कुटून घालते, त्यानं शंख टणक होतो. नळाच्या पाण्यात पावडर असते, ती बेडकाच्या कातडीला सोसत नाही, म्हणून बोअरचं पाणी वेगळ्या घागरीत ठेवते. हे सगळं तूच वहीच्या पानावर लिहून ठेवलं होतंस. ते पान मी पिठाच्या डब्यावर चिकटवलंय.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीवर जाताना तू मला सांगून गेलीस की यांना सोडून दे. मे महिना होता, ओढा ठणठणीत कोरडा. म्हटलं, पाणी येऊ दे, मग सोडू. पाणी आलं तोवर माझाच जीव गुंतला. आता सकाळी चहाच्या आधी मी पेट्यांची झाकणं उघडते. गल्लीतल्या बायका ओसरीवरून पदर सावरत कडेकडेनं जातात. एकीनं विचारलंच, बाई, तुम्हाला किळस कशी येत नाही? मी म्हटलं, लोकांची कुत्री गादीवर झोपतात ते चालतं, माझा बेडूक भुंकत नाही, चावत नाही, शिवाय घरातली झुरळं संपवतो. त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा जपूनच बोलते.

पण मला खरं लिहायचंय ते दुसरंच आहे. ते लिहायला मला दहा वर्षं लागली.

त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी तू आठवीत होतीस. मोरीतल्या दगडाखाली तुझा पहिला बेडूक होता. गावात धोंडी काढायची ठरली, म्हणजे एकाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, मुसळाला बेडूक बांधायचा आणि पाऊस मागत घरोघर हिंडायचं. पण त्या साली सगळ्या विहिरी आटलेल्या, बेडूक कुठंच सापडेना. कुणाला तरी आठवलं की अंगणवाडीच्या बाईंच्या पोरीकडं आहे. दारात माणसं आली. तू शाळेत होतीस. मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं. मीच दगड उचलला, मीच तो त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी परत देऊ म्हणाले, मी विश्वास ठेवला. धोंडीवर दारोदारी घागर ओततात ना, त्या साली टँकरचं पाणी, बायकांनी नुसता ओंजळीचा शिडकावा केला. दिवसभर ऊन. संध्याकाळी मुसळावरून सोडवला तेव्हा तो वाळलेला होता.

तू अकरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी मोजले होते. आणि बाराव्या दिवशी मी काय म्हणाले ते तू विसरली असशील, मी नाही विसरले. “येक बेंडूक तर व्हता. त्यासाठी आईवर रुसत्यात व्हय?” तू मान खाली घालून जेवलीस. त्यानंतर तुझे सगळे जीव गच्चीवर, पोत्याआड, लपवून वाढले. कॉलेजात प्राणीशास्त्र घेतलंस तेव्हा कुठं ते खाली ओसरीवर आले. लपवायला तुला मी शिकवलं, आरोही. आज तू मला पेट्या लपवायला सांगतेस, ते माझ्याकडूनच शिकून सांगतेस. चुकलं माझं. हे त्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

यंदा जुलैत पुन्हा पावसानं ओढ दिली. पुन्हा धोंडी निघाली आणि सिद्धेश्वर चार जणांना घेऊन आपल्या दारात उभा. तो तुझ्या आण्णांच्या बैठकीतला, त्याला नाही म्हणणं सोपं नव्हतं. आण्णा तर पेटीला हातही लावणार होते. मी पेटीपुढं आडवी उभी राहिले. सिद्धेश्वर म्हणाला, गावाचं काम आहे, एका बेडकासाठी गावाला नाही म्हणता? मी म्हटलं, “गावाला न्हाय म्हणत न्हाय मी. धोंडी मीच व्हते. लिंबाचा पाला मला बांधा, पाणी माज्यावर वता. बेंडूक मिळायचा न्हाय.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी पदर खोचला आणि बाहेर येऊन उभी राहिले. पंचावन्न वर्षांची बाई, डोक्यापासून पायापर्यंत पाला, मुसळ मोकळंच. सात गल्ल्या हिंडले. ज्या पोरांना मी अक्षरं शिकवली त्यांच्या बायकांनी माझ्यावर घागरी ओतल्या. काही हसल्या. एका म्हातारीनं मात्र माझे पाय धुतले. तुझे आण्णा आठ दिवस पारावर गेले नाहीत. पाऊस आला का ते विचारू नकोस, तो यायचा तेव्हा आला. हे तुला फोनवर सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस तर मला सोसलं नसतं.

आता कागद का घेतला ते. काल रणधीरच्या आईंचा येरमाळ्याहून फोन आला. चांगल्या बोलल्या. मग म्हणाल्या, मुलीला आवड कशाची? तू मला पाठ करून दिलेलं उत्तर, स्वयंपाक आणि रांगोळी, अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, “बेंडूक, गोगलगाई, खेकडं पाळायची आवड हाय तिला. लहानपणापासून. घरात हायत त्ये समदे तिचेच हायत. पटत आसंल तरच रविवारी या.” मग ‘कळवतो’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. अजून कळवलेलं नाही. तुला रणधीर आवडलाय, हे मला ठाऊक होतं, तरी मी बोलले, आणि तुला न विचारता बोलले. तुझं ठरत आलेलं मोडलं तर ते माझ्यामुळं मोडेल, आणि ते तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्या अक्षरात कळावं म्हणून हे पत्र. रागव, भांड, पुन्हा अकरा दिवस अबोला धर. पण रविवारी पाहुणे आले किंवा न आले, तू ये. पेट्या ओसरीवरच राहतील, पाहुण्यांच्या सतरंजीसमोर. आज सकाळी मी प्रत्येक पेटीवर तुझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली आहे, लांबून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात.

तुझीच, आता न ऐकणारी,
आई