दोन रुळांचं यंत्र आणि जसोदाचं मनगट

कळसाडी, ता. शहादा
माघ वद्य पंचमी, १९६२

ती. बेनच्या पायाशी धाकट्या भावाचा, रतिलालचा नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा दमा, यांत जास्त त्रास कोणाला, हे तुमचं भांडण मिटलं असल्यास कळव. आम्ही बरे आहोत (तुझ्या भावजयीचं, जसोदाचं मनगट सोडून. प्रकाशा गावच्या नदीघाटावर घसरली तेव्हापासून तिच्या उजव्या हातात जोर नाही. कपडे कसेबसे धुते, पण पिळायची वेळ आली की वाळत घालायच्या कुंपणाकडे बघत उभी राहते. कामाला बाई लावू म्हटलं, तर "मी काय मरी गऊ का?" म्हणून अंगावर आली).

म्हणून शहाद्याहून कपडे धुण्याची दोन जुनी यंत्रं आठ दिवस वापरून बघायच्या बोलीवर आणली. दोन्हींना खाली पिंप, वर एकावर एक दोन रूळ आणि एक दांडा. दांडा फिरवला की ओला कपडा रुळांमधून पिळून पलीकडे पडतो. पहिल्याचे रूळ लाकडी. पिळतं जोरात, पण माझ्या सदऱ्याची पाचही बटणं त्याने फोडली. ग्रामपंचायतीत मी छातीवर हात धरून बसलो, तर लोकांना वाटलं रतिलाल फार नम्र झाला. दुसऱ्याचे रूळ रबरी. ते बटणांना जपतं, पण लुगडं घातलं की अर्ध्यात अडून बसतं. मग मी एकीकडून आणि जसोदा दुसरीकडून ओढतो.

त्यात शेजारच्या उखाने घात केला. आपल्याकडे दोन रूळ आणि दांडा दिसला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. मी शेतात असताना त्याने रबरी रुळांत ऊस घातला. जाब विचारला तर म्हणतो, "रस काढाले नही, ते मंग हाई रूळ कसाले शेतस?" रस चौघांनी प्यायला (साबणाची चव लागली, पण फुकटच्या रसाला नावं कोण ठेवणार?), यंत्र मात्र कोणी धुतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यातून काढलेलं धोतर नेसून मी सोसायटीच्या सभेत ठराव मांडायला उभा राहिलो आणि पायांवरून मुंग्या चढू लागल्या. ठराव काय होता ते आठवत नाही, पण इतक्या घाईत आजवर एकही मांडला गेला नव्हता.

लाकडी यंत्र परत केलं. रबरी ठेवावं असं माझं मत आहे, जसोदा नको म्हणते. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. तेव्हा तिच्या नावाने दोन ओळी टाक की यंत्र उत्तम आहे, ठेवा.

तुझा
रतिलाल

ता. क. तुझ्यापासून काय लपवू? उसाने रूळ चिरले, यंत्र आता काहीच पिळत नाही. न्हाणीचं दार लावून मीच पिळतो. एक टोक ती डाव्या हाताने धरते, पीळ मी देतो. पहिल्या दिवशी "हात गया मन्हा" म्हणून ती रडली, तेव्हा मलाही आवरलं नाही. आता गप्पा होतात. तीस वर्षांत आम्ही इतका वेळ समोरासमोर उभे राहिलो नव्हतो. पण यंत्र न्हाणीत असलं म्हणजे गावाला वाटतं, काम तेच करतं. म्हणून ते हवं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी जसोदाने सगळं वाचून घेतलं. ती सांगते ते जसंच्या तसं लिहितो: "बेन, मशीन परत जाऊ द्या. उखाभाऊनी बायको कौसाबाईनी न्हाणीनी खिडकीमाईन आम्हनं पिळणं कधीनंच देखेल शे. आते उखाभाऊ बी घरमा लुगडं पिळी ऱ्हायना. पण मशीनपेक्षा आनि उखाभाऊपेक्षा तुम्हना भाऊ बेस पिळस."