भिंतीवरची काठी

पास्टर हरीश,

'प्रभू येशूच्या नावात सलाम' असं वर लिवायला माझा हात उचलला न्हाई.

आमच्या मालकांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं, तवा तुमी तेल लावून प्रार्थना केली. ते चार पावलं चालले. तुमी लगेच त्यांची काठी काढून घेतली. "आता काठी धरणं म्हणजे अविश्वास," म्हणले, अन् पुसेगावच्या प्रार्थनाघरात भिंतीला टांगली. मला साक्ष द्यायला उभं केलं. मीबी दिली. समदे हालेलुया म्हणले.

तिसऱ्या आठवड्यात ते मेंढरांच्या वाड्यात पडले, खुबा मोडला. दीड महिना मी खाटेपाशी गुडघे टेकले. ते वाचले न्हाईत. मातीच्या दिवशी तुमी माझ्या कोमलला म्हणले, "तुझ्या आईचा विश्वास कमी पडला."

काहून कमी? तुमी गाडीला किक मारून निघून जायचे, तवा प्रार्थना कोण करत होतं? मीच, अन् आजबी करून राहिले. देवाशी माझं भांडण हाय, पण ते त्याचं अन् माझं. तुमी मधी पडू नका.

काठी अजून तिथंच हाय. हट्ट्याहून आजारी माणसं येतात, तिला हात लावतात.

हे पत्र मी धाडत न्हाई. रविवारी सोताच येते. काठी खाली उतरवीन, तीच धरून समद्यांसमोर साक्ष देईन: माझे मालक मेले, अन् मी येशूला सोडलं न्हाई.

मग काठी घेऊन घरी जाईन.

कमी विश्वासाची,
सत्यशीला