बोलनळीतला बोळा

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे. एक ट्रंक, शिवणयंत्र, दाभण-टाचण्यांची पेटी आणि चिमणी, एवढाच माझा संसार. यंत्र हमालाने उतरवलं. चिमणी स्वतःच उडी मारून उतरली आणि मी भाडं देईपर्यंत तिचा सगळा बंगला पाहूनही झाला. बायको गेल्यापासून कुठेही काम मागायला गेलो की पोर पाहून लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. इथे उलटंच. मालकीणबाईंनी आधीच कळवलं होतं की मुलीला जरूर आणा. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

बाई बऱ्याच वयस्कर, पण पाठ ताठ. चिमणीची हनुवटी धरून त्यांनी वय विचारलं. सात म्हटल्यावर डोळ्यांना पदर लावला. एकट्या माणसाला पोरांची माया असतेच.

आमची खोली गॅरेजला लागून आहे. मधे एकच दार. काम संपलं की दोन पावलांत घर, यापेक्षा काय हवं?

५ फेब्रुवारी

गाडी पाहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली अमेरिकन. आयुष्यभर टॅक्सींच्या सीटा शिवल्या, आज डोळ्यांचं पारणं फिटलं. लांबलचक बॉनेट, दोन्ही मडगार्डांत खोचलेल्या स्टेपन्या, चढायला रुंद फूटबोर्ड. रेडिएटरच्या झाकणावर काचेची छोटी नळी आहे, पाणी तापलं की तिच्यात लाल रेघ चढते आणि ड्रायव्हरला जागेवरून दिसते. मागची दारं उलटी, बिजागऱ्या मागच्या बाजूला. बसायला-उतरायला झोकदार, पण धावत्या गाडीत दार किलकिलं झालं तर वारा हिसका मारून ते सताड उघडणार.

सध्या ती लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चाकांचे आरे लाकडाचे, म्हणून चाकं सुताराकडे. इंजिन मेकॅनिककडे. ब्रेक दाबून पाहिला तर लुळा, पुढे काही जोडलेलंच नाही. माझ्याकडे आतला भाग: मखमल, गाद्या, दारांचं अस्तर. मालकांची जागा आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये जाड काच आहे. बोलायचं ते नळीतून, मागे पितळेचं एक तोंड आणि पुढे ड्रायव्हरच्या कानाशी दुसरं. चिमणीने मागे बसून हुकूम सोडले, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिने वैतागून काचेवर अंगुस्तान वाजवलं. माझं जुनं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती धातूची टोपी, ती अंगठ्यात घालून मिरवते, आंघोळीलाही काढत नाही.

८ फेब्रुवारी

मागच्या दारांची आतली हँडलं काढून मुलामा द्यायला पाठवली. घेऊन गेले ते इथले जुने ड्रायव्हर. आम्ही त्यांना काका म्हणतो. गाडी चालत नाही, तरी रोज येऊन तिला पुसतात. फार बोलत नाहीत.

जुनी मखमल उसवली. आत घोड्याचे केस भरलेले, अजून तरतरीत. बोलनळी का बोलत नाही तेही कळलं. तारेचा आकडा घालून ओढलं तर फडक्याचा घट्ट दाबलेला बोळा निघाला, पिवळा, गाडी पुसायचा. वारा किंवा झुरळं येऊ नयेत म्हणून कोणी घातला असेल. नळी फुंकून साफ केली. आता चिमणी मागून कुजबुजली तरी पुढे स्पष्ट ऐकू येतं.

काका परत आले, माझ्या हातातला बोळा पाहिला आणि मटकन फूटबोर्डवर बसले. पुन्हा तिथेच घाला म्हणाले. म्हटलं, काका, नळी बोलण्यासाठी असते, बुजवण्यासाठी नाही. ते हसले नाहीत.

११ फेब्रुवारी

चिमणीला मैत्रीण मिळाली आहे. गाडीत राहते म्हणे. ही पुढे बसून नळीला कान लावते आणि ती मागून बोलते. मी विचारलं, काय म्हणते? तर म्हणे, सारखी गाडी थांबवायला सांगते. म्हटलं, तिला सांग, गाडी थांबलेलीच आहे, चाकंसुद्धा नाहीत. हिने सांगितलं. मग बराच वेळ कान लावून बसली आणि म्हणाली, तिला तसं वाटत नाही.

पोरांच्या डोक्यात काय शिरेल नेम नाही. मालकीणबाईंना मात्र फार कौतुक. त्यांनी चिमणीला कपाटातला एक निळा फ्रॉक दिला. अंगाला असा बसला की जणू मापच घेतलं होतं.

१३ फेब्रुवारी

भर दुपारी पुढच्या सीटला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत होतो. चिमणी खोलीत झोपली होती, मी दारातून तिला पाहत होतो. नळीतून आवाज आला. “थांबवा ना.”

मागे पाहिलं. काचेपलीकडे कोणी नाही. गादीवर मात्र खळगा पडला होता, लहान पोर बसावं एवढा.

तोंडात धरलेल्या चुकांपैकी एक जिभेला टोचली. रक्त थुंकलं. हातोडा तिथेच टाकून आलो.

१४ फेब्रुवारी

काकांना धरून विचारलं. आधी नाही नाही म्हणाले, मग रडत सांगितलं. बाईंची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची. मागे एकटी बसायची आणि कुत्रं दिसलं की थांबवा, फूल दिसलं की थांबवा. त्या दिवशी उशीर झाला होता, काका त्रासले होते. हातातलं फडकं नळीत कोंबलं. तिने त्यानंतर किती वेळा सांगितलं कोण जाणे. घरी पोचले तेव्हा उलटं दार सताड उघडं होतं आणि मागची सीट रिकामी.

बाईंनी त्यांना कामावरून काढलं नाही. रोज गाडी पुसायला लावलं. आणि आता गाडी जशीच्या तशी करायला माणूस शोधला. सात वर्षांची मुलगी असलेला.

उद्या सकाळी निघायचं. पैसे नकोत, काही नको. सर सलामत तो पगडी पचास.

१५ फेब्रुवारी, सकाळ

ट्रंक बांधली. चिमणी म्हणत होती, मैत्रिणीचा निरोप घेते. मी खेकसलो, नाही म्हणून सांगितलं. यंत्राला दोर आवळायला वाकलो, तेवढ्यात —

ती गाडीत आहे. मागचं दार बंद. आतून उघडायला हँडल नाही, मीच काढलं. बाहेरचं फिरत नाही. काचेवर हातोडा घातला, ओरखडाही उठला नाही. आत कोणी दिसत नाही. पण अंगुस्तान वाजतंय. टिकटिक. चिमणी, अगं —

काका आतली हँडलं आणायला मुलामेवाल्याकडे धावले आहेत. पुढच्या सीटवर बसून नळीला कान लावला आहे.

“बाबा, खूप जोरात चाललीय. दार हलतंय. थांबव ना.”

पुढे लाल रेघ चढते आहे. बॉनेटखाली इंजिन नाही.

नंतर

ब्रेक दाबला. लुळा होता, आता नाही. पाय टेकताच कडक झाला, आणि नळीतून घोंगावणारा वारा कमी झाला. पाय जरा हलला की चिमणीचा आवाज लांब जातो. म्हणून दाबून बसलो आहे. वही स्टिअरिंगवर. हात कशात तरी गुंतवला नाही तर वेड लागेल.

बोलतो आहे तिच्याशी. सीटला घट्ट धर म्हटलं. धरलंय म्हणाली. तिच्याशेजारी ती दुसरी आहे, तीही रडते आहे.

देवा, माझं काय हवं ते घे.

काका का येत नाहीत —

नंतर

गाडी थांबली. मला अंगभर जाणवलं. मागचं दार उघडलं, सताड. फूटबोर्डवर पाऊल वाजलं. निळा फ्रॉक. चिमणी उतरली, माझी चिमणी. पाय उचलणारच होतो —

अंगठ्यात अंगुस्तान नाही.

ती माझ्याकडे बघतही नाही. मालकीणबाई गॅरेजच्या दारात हात पसरून उभ्या. आई म्हणत त्यांना बिलगली. चेहरा चिमणीचा.

मागचं दार धाडकन मिटलं.

टिकटिक. टिकटिक. आतून.

बाहेर काका दार ठोठावताहेत. बाईंनी कडी घातली आहे.

पायाला मुंग्या. पेडल खालून रेटतंय. दोन्ही पाय ठेवले. लाल रेघ वरपर्यंत —

बाई खिडकीशी आल्या. रडताहेत, पण चेहरा किती शांत. मुलीला कडेवर घेतलं आहे. म्हणाल्या, “छान केलंत काम. आता पाय उचला.”

नाही.

बोळा सीटवर ठेवताहेत. तोच पिवळा. म्हणतात, ऐकू आलं नाही की सोपं जातं.

नाही. नाही उचलणार. चिमणी विचारते, बाबा, थांबली का? थांबली गं, थांबली, मी आहे, दाबून धरलंय —