शेवट न बघता दिलेलं मत

शुक्रवार, ९ जानेवारी

आज परत दोन तिकिटं. परत शेजारची खुर्ची रिकामी! बॅटरीवाला म्हणाला, "मैत्रीण आजबी आली न्हाई व्हय?" मी म्हणाले, येतेय. खोटं. एवढा एकच शब्द, पण इंटरव्हलपर्यंत पडद्यावर काय चाललंय ते डोक्यात शिरेना.

आरोही कुठे जाते मला माहीत नाही. दिवाळीपासून दर शुक्रवारी घरी सांगते — बबितासोबत पिक्चरला. बीडच्या स्टँडवर उतरलो की ती एकीकडे, मी थेटरात. तीन तासांनी स्टँडमागच्या रसवंतीवर भेटायचं. तिथे मी तिला सगळी स्टोरी सांगते, म्हणजे घरी कुणी विचारलं तर अडायला नको. आज मी सांगत होते आणि ती सलग तीन केळी खात होती. तोंड उन्हानं रापलेलं, ओढणी घामानं ओली. पिशवीत निळे बूट दिसले. भारीतले. कुणीतरी दिले असणार.

मी विचारत नाही. तिलाही ते नको आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बबे, तुला खोटं बोलता येत न्हाई. तुला ठाऊकच नसलं, तर बोलायचं कामच पडणार न्हाई."

पण कोण असेल? आणि सुंदररावांना, तिच्या वडिलांना कळलं तर? आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसतात. ती त्यांची मुलगी, मी मेंढपाळाची. तरी पहिलीपासून एका बाकावर. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. वहीत एक काना चुकला तरी मला चैन पडत नाही. आणि हे असं!

शनिवार, १० जानेवारी

पिक्चरचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप चौघांचा — मी, आरोही, वर्गातली सुनिता आणि आरोहीचा भाऊ रविराज. तो आपणहून घुसला. "आमीबी पिक्चर बघतो, आमालाबी घ्या." दहापैकी गुण द्यायचे आणि खाली मत लिहायचं. नियम एकच, तोही मीच घातलेला: शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. सुनिता म्हणते, "बबी पिक्चर बघत न्हाई, पेपर तपासती."

कालचा पिक्चर पोलीसबाईचा. मी सहा दिले. एकटी वीस जणांना लोळवते ते काही पटलं नाही. पण बापासमोर टोपी काढून उभी राहते, तो प्रसंग चांगला. सुनिताचे आठ — "चार तिचे, चार तिच्या गाडीचे." आरोहीनं न बघता दहापैकी दहा दिले! मग रविराजचं आलं: "पोरी खाकीत बऱ्या दिसत्यात, पण पडद्यावरच. आमच्या घरातली असती तर तंगडं मोडून हातात दिलं असतं." पुढे हसरी तोंडं चार.

त्यावर आरोहीनं नुसता अंगठा टाकला.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला आरोहीकडे गेले. तिच्या आई, विजयमालाकाकू, म्हणाल्या, "पोरगी लई काळवंडली गं. थेटरात ऊन असतंय का?" मी तिळगूळ तोंडात टाकला. म्हणजे बोलायला नको.

निघताना आरोही दाराच्या चौकटीला टाचा लावून उभी राहिली. "बबे, माजी उंची किती भरंल?" नवऱ्यापुढे बुटकी दिसायला नको म्हणून विचारत असेल. म्हणजे गोष्ट तिथपर्यंत गेली!

गुरुवार, २२ जानेवारी

अक्षर बघ कसं आलंय.

कॉलेजच्या जिन्यात तिनं मला ओढलं. "बबे, उद्या पळायचंय. एकदाच हाय. परत चान्स न्हाई."

पळायचंय! मी म्हणाले, विचार कर. "वर्षभर केलाय." घरी कळलं तर? "झालं तर मीच सांगते. न्हाई झालं तर कळून काय करायचंय?" आणि हसली! वर मलाच धीर देते — "तू नेहमीसारखं थेटरात बस. नेहमीसारखं मत लिही. रसवंतीवर थांबू नको, मला किती टाईम लागंल सांगता येत न्हाई."

पहाटेच्या गाडीनं जाणार. घरी सांगितलंय, आधी प्रॅक्टिकल, मग पिक्चर.

काकूंना सांगावं तर आरोहीला जिवंत ठेवणार नाहीत. गप्प बसावं आणि तिचं काही वाईट झालं तर? कोण मुलगा, कुठला, काही माहीत नाही. देवा, उद्याचा दिवस जाऊ दे.

शुक्रवार, २३ जानेवारी

काय केलं मी हे!

क्रमानं लिहिते. दहाच्या शोला गेले. इंटरव्हलनंतर पंधरा मिनिटांत मशीन बंद पडलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. शेवटी शो रद्द केला. मी एकटीच जीपमध्ये बसले. तिनं सांगितलं होतं, नेहमीसारखं मत लिही. लिहिलं:

"पाच. पहिला भाग बरा. इंटरव्हलनंतर मशीन बिघडलं, शो रद्द झाला. शेवट पाहिला नाही म्हणून शेवटाबद्दल मत देत नाही."

धरणापाशी रेंज नसते. मेसेज अडकून बसला. गावात, पालीत उतरले आणि गेला. गेला तेव्हा दिसलं — त्याच्या वर आरोहीचा मेसेज! दहा मिनिटांपूर्वीचा. "शेवट बघून रडू आवरंना. दहापैकी नऊ. मी आन् बबी दोघीबी रडलो."

म्हणजे ती पळाली नव्हती! घरी परत आली होती! एक क्षणभर नुसता आनंद झाला. मग कळलं.

डिलीट केला. तोवर निळ्या खुणा झाल्या होत्या. रविराजचं आलं — "डिलीट कावून केलं गं बबिते? वाचलंय मी."

शनिवार, २४ जानेवारी

आरोहीचा फोन बंद. ग्रुपमध्ये तिचं नाव नाही.

रविवार, २५ जानेवारी

विजयमालाकाकू आमच्या घरी आल्या. उभ्या जन्मात पहिल्यांदा. आईनं घोंगडं टाकलं, त्या बसल्या नाहीत.

"बबिता, पोरगी एकच बोलती — पळायला गेलते! तोंड वर करून! पुढचं रविराजनं बोलूच दिलं न्हाई, चापटीवर चापट. आता तूच सांग. तुला बोलली होती का पळायचंय म्हणून?"

मी आईकडे बघितलं.

"नारायणगडाची शपथ हाय तुला."

आई म्हणाली, "बबे, आसंल ते खरं सांग. आपल्यात खोटं न्हाई."

मी म्हणाले, "हो. बोलली होती."

काकू मटकन बसल्या. घोंगड्यावर नाही, मातीतच. "कोण हाय त्यो?" माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नाही! पण आधीच्यावर लगेच विश्वास ठेवला, ह्यावर नाही ठेवला.

दोनदा खरं बोलले मी. एकदा शुक्रवारी, एकदा आज.

मंगळवार, २७ जानेवारी

दादाला मारलं. रामेश्वरदादाला.

दुपारी तो मेंढरांपाशी होता. रविराज आणि आणखी दोघं मोटारसायकलवर आले. "बहीण थेटरात राखण बसती, मग भाऊ कुठं आसतोय बे?" फोन हिसकावला. फोनमध्ये मेंढ्यांचे फोटो आणि एक आईचा. काही सापडलं नाही, तरी मारला. काठी दादाचीच. उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

मी म्हणाले, पोलिसात जाऊ. बाबा म्हणाले, "आन् उद्या मेंढरं कुठं नेऊ? आभाळात?"

दादानं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, २८ जानेवारी

जेवताना बाबा म्हणाले, "तुमी पोरी पिक्चर बघून करता तरी काय?"

मत देतो, मी म्हणाले.

"मग दिलं की."

शनिवार, ३१ जानेवारी

सुनिता कॉलेजातून येताना भेटली. आरोहीचं लग्न ठरलं. मुलगा तिकडे परळीजवळचा, धर्मापुरीचा. पहिली बायको वारलेली. सुनिता म्हणाली, "पिक्चरमध्ये हिरो शेवटाला तरी येतोय गं. हिचा कुठं मेला?" मीही रोज तेच म्हणते. कसला भित्रा माणूस! एकदा समोर तरी यायचं.

रविवार, ८ फेब्रुवारी

लग्न झालं. आम्ही गेलो. मला जायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "गेलंच पायजे. न्हाई गेलो तर गाव म्हणंल, खरंच होतं." दादालाही नेलं, हात पट्टीत बांधलेला. रविराजनं त्याला स्वतः वाढलं — "घे रे, घे, लाजू नको." दादा डाव्या हातानं जेवला.

आरोही बोहल्यावर चढताना लंगडत होती. दोन बायांनी धरलं होतं.

बायकांच्या रांगेतून पुढे गेले. काकू तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. आरोहीनं माझ्याकडे बघितलं. रडली नाही. म्हणाली, "बबे, त्या पिक्चरचा शेवट बघितलास का परत?"

नाही म्हणाले.

"बघ की. तुजं मत ऱ्हायलंय."

मला वाटलं, टोमणा मारला. मारू दे. माझ्या वाट्याचाच आहे. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

थेटरात गेले नाही. काही लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सुनितानं यादी पाठवली, मला एकटीला. तिच्या भावाकडून आलेली. खाली विचारलंय — ही आपलीच ना गं?

पोलीस भरती. महिला. मैदानी चाचणी, लेखी परीक्षेस पात्र उमेदवार. सत्तेचाळिसावं नाव आरोही सुंदरराव, पाली. चाचणीचा दिनांक २३ जानेवारी. धावणे, ८०० मीटर: वीसपैकी वीस.

धावणे.

आमच्याकडे धावायला जाते असं कुणी म्हणत नाही. पळायला जाते, म्हणतात.