पालथं घातलेलं चित्र

१२ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू खुशाल असशील, वहिनींची कंबर आता बरी असेल आणि तुझी लेक तुझ्याइतकीच हट्टी निघाली असेल, असं धरून चालते. आम्ही दोघी ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे. आईचं पुढे लिहिते.

पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. 'भिंगरीला इतक्या वर्षांनी आठवण झाली?' अरे, आठवण रोजच होते, पण तुम्हा दोघांचा अबोला आणि मधल्या मध्ये माझं सँडविच. आईने 'त्याला काही कळवायचं नाही' असं बजावलंय. ती खाली कारखान्यात बसली आहे आणि मी वरच्या खोलीत चोरून लिहिते आहे. या वयात आईला घाबरून चोरून पत्र लिहायचं, म्हणजे कमाल आहे.

दुकान तसंच आहे. पुढे काउंटर, मागे कारखाना, लाकडाच्या पट्ट्या भिंतीला टेकलेल्या, सरसाचा तोच वास. फक्त तुझ्या जागी आता चित्र टेकवून रंगवायचा माझा लाकडी घोडा उभा आहे. बाबांचा नियम आईने अजून सोडलेला नाही. फ्रेम करायला आलेलं चित्र आधी पालथं घालायचं, मागून काम करायचं, सुलटं होईल ते गिऱ्हाईकाच्या हातातच. "आपण चौकट बघायची, आतलं ज्याचं त्याने बघावं." लहानपणी आपण दोघे टेबलाखाली शिरून फळ्यांच्या फटींतून वर डोकावायचो आणि बाबांचा धपाटा खायचो, आठवतं?

त्या नियमापायी आईने माझं एकही चित्र आजवर नीट बघितलेलं नाही. सगळी तिच्याच हातून फ्रेम झाली, पण पालथी. मला त्याचं वाईट वाटायचं, मग मी म्हणायची, जाऊ दे, तिला चित्रातलं काय कळणार. शिवाय मला माझा तोरा होताच. चित्राचा अर्थ मी घालते, बघणाऱ्याने तो शोधून काढायचा, नाही सापडला तर तो त्याचा दोष. माझी चित्रं विकणाऱ्या गॅलरीवाल्या साहेबांनी विचारलं की मी शीर्षकातच अर्थ लिहून मोकळी व्हायची, म्हणजे कोणी भलतंच काही बघू नये.

आता मात्र मी चांगलीच तोंडावर आपटले आहे.

झालं असं, की हिवाळाभर मी एक मोठं चित्र करत होते. आपला कारखानाच. टेबल, पट्ट्या, खिळ्यांचे डबे, आणि मागचं दार उघडं. दारातून जमिनीवर पडलेला उजेड. ते सगळं वाळून खडखडीत झालं होतं. दारात एक माणूस तेवढा राहिला होता. तो मी गेल्या महिन्यात एका दुपारी बसून रंगवला. पाठमोरा, खांद्याला पिशवी, एक पाय उंबऱ्याबाहेर. मनासारखा जमला आणि मी हात धुवायला वर गेले.

खाली आले तर आईने चित्र टेबलावर पालथं घातलं होतं आणि मागच्या बाजूला दोरीसाठी कड्या ठोकत होती! मला मदत म्हणून. ओल्या तैलरंगाला कोणी पालथं घालतं का रे? पण तिच्या हाताला दुसरं ठाऊकच नाही. मी किंचाळले. तिने दचकून चित्र उचललं, टेबलावरच्या कापडाला माणसाचा निम्मा रंग लागलेला, आणि चित्रात दाराच्या उजेडात नुसता एक मऊ, पुसट आकार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय काय बोलले ते लिहीत नाही, तुला अंदाज आहे.

 ती चित्र हातात धरून बघत राहिली. दादा, आपली आई, जी कुणाच्या चित्राकडे ढुंकून बघत नाही, ती बघत राहिली. मग तिने ते भिंतीला टेकवलं, स्टूल ओढलं, समोर बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "आला बाई एकदाचा."

"कोण?"

"हा काय, दारात. आत येतोय ना."

मी म्हटलं, "आई, तो जातोय." ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मलाच दिसत नाही. म्हणाली, "जाणारा माणूस मी बघितलाय. हा तो नव्हे."

मी वरचेवर जाऊन ते चित्र बघितलं. रंग माझे, दार माझं, पाठ मी स्वतः रंगवलेली, खांद्याची प्रत्येक रेघ मला पाठ. जीव तोडून बघितलं, पण ती पाठ मला पुन्हा सापडली नाही. तिथे एक माणूस आहे एवढं नक्की. त्याचा पाय उंबऱ्यावर आहे, आणि तो आत येतो आहे.  मी न घातलेलं काहीतरी माझ्याच चित्रात जाऊन बसलं होतं, आणि ते मी केलेल्या कशाहीपेक्षा खरं होतं. इतकी वर्षं ब्रश घासते आहे, पण आपल्याच कामापुढे हात जोडावेसे वाटण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

शेजारचे चष्मेवाले काका चहाला आले होते. त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आमच्या हिची सवयच होती, दुकान बंद करायला उशीर झाला की दारात येऊन उभी राहायची." मग चहा न घेताच गेले. गॅलरीवाले साहेब आले, ते चष्मा वरखाली करून म्हणाले, "वा, काय अनुपस्थिती आहे!" आई मला हळूच म्हणाली, "याला धडधडीत माणूस दिसेना, आणि हा चित्रं विकतो." हसून हसून पुरेवाट झाली. साहेबांना चित्र हवं आहे, शीर्षकही हवं आहे. मी म्हटलं, शीर्षक सुचत नाही. खरंच सुचत नाही रे. जे नाव देईन त्याने कुणाला तरी दाराबाहेर काढल्यासारखं होईल.

मला वाटायचं, चित्र माझ्याकडे संपतं. ते संपत नाही. कुणीतरी समोर येऊन उभं राहीपर्यंत ते अर्धंच असतं, आणि तो माणूस स्वतःचं काय आणून त्यात ठेवेल ते काढणाऱ्याच्या हातात नाही. आधी कुणी हे सांगितलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

आता आईचं. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. जिना चढताना मध्येच उभी राहते आणि कठड्यावरची धूळ बघितल्यासारखं करते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, ऑपरेशन करा, लांबवू नका, लांबवलंत तर मग मला काही करता येणार नाही. चित्र व्हायच्या आधी ती 'हो' म्हणाली होती. आता म्हणते, "दारात माणूस आलाय आणि मी जाऊन दवाखान्यात झोपू? त्याला येऊ दे आधी." मी घाबरून तिच्याकडे बघितलं, तर फटकन म्हणाली, "अशी काय बघतेस? मला वेड लागलेलं नाही. चित्र आहे हे कळतं मला. पण एवढी वर्षं वाट बघायला माझ्यापाशी तेवढंही नव्हतं."

दादा, मी एवढा वेळ टाळत होते ते आता लिहिते. तो तू आहेस. बाबा गेल्यावर तू म्हणालास, दुकान विका आणि माझ्याकडे चला, नाहीतर दुकान की मी ते ठरव. आणि ती तिरीमिरीत 'दुकान' म्हणाली. तू पिशवी उचललीस आणि मागच्या दाराने गेलास. मी तेव्हा सरस ढवळत होते. तुझी ती पाठ मी इतकी वर्षं डोळ्यांत घेऊन फिरते आहे, तीच उतरवली. आईला मी हे सांगितलेलं नाही, आणि तिनेही विचारलेलं नाही. तुझं नावसुद्धा घेत नाही. पण रोज सकाळी स्टूल थोडं बाजूला सरकवून बसते, येणाऱ्याला वाट हवी म्हणून.

मला भीती वाटते. मी काढलेलं खरं की तिने बघितलेलं खरं, हे मला सांगता येत नाही. तिने बघितलेलं खरं नसेल, तर एका ओल्या रंगाच्या चुकीवर भरवसा ठेवून माझी आई जीव गमावून बसेल. ते चित्र पुरं करायला ना मी पुरी पडते, ना ती. बाकी आहे तो एकच माणूस, आणि तो चारशे मैलांवर कपाळाला आठी घालून हे वाचतो आहे.

तू माफी मागावीस असं मला वाटत नाही. तिने मागावी असंही नाही, ती मागणार नाही, तुला माहीत आहे. दुकानाचं काय ते मग भांडा हवं तर, मी दोघांना चहा करून देईन. पुढच्या बुधवारी दवाखान्यात खाट मिळते आहे. मी हो सांगून टाकलंय, आईला न विचारता. ती त्या स्टुलावरून माझ्या सांगण्याने उठायची नाही. तू येऊन उठवलंस तरच उठेल.

ये रे दादा.

दाराकडे तोंड करून बसलेल्या दोघींपैकी धाकटी,
भिंगरी